कपाळावरचा हात

माझ्या भावाला कोणी छळलं नाही, हे आधीच सांगून टाकते. माणसाची श्रद्धा गेली म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी मोठं घडलेलं असणार. घरात मरण झालं असेल, कोणी धमकावलं असेल, गेला बाजार एखादी बाई तरी असेलच. आमच्या दादाच्या बाबतीत यातलं काही झालं नाही. त्याच्या वाटेत वाघ आला असता तर तो वाघाशी भांडला असता, असा माणूस. त्याच्या वाटेत आला तो दुपारचा डबा.

आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच लॉन्ड्रीत कामाला. दुकानवजा नाही, मोठी लॉन्ड्री. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे अभ्रे, टॉवेल, डॉक्टरांचे कोट, सगळं आमच्याकडे मळून येतं आणि घडी होऊन परत जातं. दादा आधी लागला, मग त्यानं मला चिकटवलं. तो वाफेच्या इस्त्रीवर, मी घडीच्या टेबलावर. मोठ्या चादरीची घडी एकटीनं होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा मागे जायचं. आमचं हे येणं-जाणं बघून दादा इस्त्रीमागून ओरडायचा, "नाच बरा बसवलाय, पण गाणं कुठंय?" तेव्हा तो असा ओरडायचा. मोठ्या आवाजाचा माणूस होता.

तो आवाज बाबांचा. बाबा नळदुरुस्ती करायचे आणि त्यांच्या घरात नियम एकच होता. ताट समोर आलं की उभं राहायचं, हात जोडायचे आणि शेजारच्याला ऐकू येईल अशा आवाजात प्रार्थना म्हणायची. "प्रभू, हे तू दिलंस. ज्यांच्या हातून आलं त्यांना जप. ज्यांना आज मिळालं नाही त्यांची आठवण राहू दे. आमेन." एवढीच. पण ती कुठेही. पाहुण्यांच्या घरी, हॉटेलात, कोणाच्या न्हाणीघराचा पाइप जोडता जोडता फरशीवर बसून पाव खाल्ला तरी आधी उभं राहून. आई बिचारी लाजायची, पदराचं टोक चघळत राहायची. बाबा म्हणायचे, "खाताना ज्याचं नाव घ्यायची लाज वाटते, त्याला मरताना हाक कुठल्या तोंडानं मारशील?" मला त्या नियमाचा लहानपणी वीट यायचा. दादाला कधी आला नाही. बाबा गेले त्या दिवशी शेजाऱ्यांनी जेवण आणून दिलं, तेव्हा सगळे रडत असताना दादा उठला आणि त्यानं ते शब्द म्हटले. त्या दिवसापासून ते शब्द त्याचे झाले.

लॉन्ड्रीत आमची जेवणाची खोली बॉयलरच्या भिंतीला लागून आहे. थंडीत तिथून उठवत नाही आणि उन्हाळ्यात तिथे बसवत नाही. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर फुलाफुलांचा मेणकापडाचा तुकडा, कोपऱ्यात एक बेसिन आणि सगळीकडे ब्लीचचा वास. दादा पहिल्याच दिवशी तिथे उभा राहिला आणि त्यानं आमची प्रार्थना म्हटली. मी तेव्हा नव्हते, पण बॉयलरवाल्यानं मला नंतर सांगितलं. तो म्हणाला, "आम्हाला वाटलं, भाषण करतोय. हार घालायला लागतो की काय." पुढे त्यांना सवय झाली. सवय म्हणजे कशी, तर मी कामाला लागले तेव्हा दादा उभा राहिला की सगळे हातातला घास हातात ठेवायचे. त्यांच्यातलं कोणी आमच्या धर्माचं नव्हतं. काही जण कुठल्याच धर्माचे नव्हते. तरी थांबायचे. बॉयलरवाला म्हणायचा, "माझ्या डब्यासाठी जरा जास्त म्हण रे दादा. माझी बायको स्वयंपाक करत नाही, सूड घेते." हसून हसून पुरेवाट व्हायची. पण दादानं आमेन म्हटलं की बॉयलरवालाही हळूच मान हलवायचा, ते मी पाहिलेलं आहे.

मोठ्या परीक्षा दादानं सगळ्या पार केल्या. जुन्या मालकानं एकदा त्याला सांगितलं, दवाखान्याच्या नव्या चादरी काढून घे आणि विरलेल्या घाल, तिथे कोण बघतंय. दादा म्हणाला, "माझा मालक बघतोय." मालकाला वाटलं आपल्यालाच उद्देशून बोलतोय, तो खूश झाला. मग उलगडा झाल्यावर महिनाभर बोलला नाही. रविवारी कामावर यायची सक्ती झाली तेव्हाही दादा गेला नाही. नोकरी जाता जाता राहिली. चर्चमध्ये ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पाळक प्रवचनात तिचा दाखला द्यायचे आणि दादा मान खाली घालून बसायचा. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, ते आमच्या दादाचं झालं.

झालं असं की लॉन्ड्री विकली गेली आणि नव्या मॅनेजर मॅडम आल्या. बाई वाईट होत्या असं सांगता आलं तर माझं काम सोपं होईल, पण बाई चांगल्या होत्या. आमच्याबरोबर त्याच टेबलावर जेवायच्या, स्वतःचा डबा स्वतः धुवायच्या. फक्त त्यांनी जेवणाची सुट्टी छाटली. दादाला वाटलं, आपण उभे राहतो तोवर सगळे ताटकळतात, आता वेळ कमी आहे, आपण बसूनच म्हणावं. हे त्यानं मला आपणहून सांगितलं आणि मलाही ते पटलं. देव काय उभ्यानंच ऐकतो का? मग बसून म्हणायचं तर एवढ्या मोठ्यानं कशाला, शेजारची माणसं कानाशी असतात. आवाज उतरला. आवाज उतरला तसे बाकीचे थांबेनासे झाले, कारण त्यांना कळायचंच नाही की हा कधी सुरू झाला नि कधी संपला. डब्यांची झाकणं वाजू लागली, गप्पा सुरू झाल्या. मग त्या गडबडीत हात जोडून बसलं की माणूस जरा विचित्र दिसतो. दादानं हात सोडले. कोपर टेबलावर, डोळे मिटलेले, बोटं कपाळावर. ओठ मात्र हलायचे.

एक दिवस मॅडमनी त्याच्याकडे बघितलं आणि काळजीनं विचारलं, "काय हो, डोकं दुखतंय का?"

दादानं डोळे उघडले. मी समोरच बसले होते. मला वाटलं, तो नाही म्हणेल, हसेल, म्हणेल, मॅडम, मी प्रार्थना करतो. किती सोपं होतं. मॅडम फार तर "अच्छा" म्हणाल्या असत्या.

दादा म्हणाला, "हो. थोडंसं."

माझ्या घशात घास अडकला. ठसका लागला तर बॉयलरवाल्यानं पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो.

संध्याकाळी घरी जाताना मी विषय काढला. "दादा, हो का म्हणालास?"

"अगं, त्यांनी इतक्या आपुलकीनं विचारलं. त्यात मी धर्म काढून बसू का?"

"धर्म काढायला कोण सांगतंय? नाही म्हणायचं होतंस."

"नाही म्हटलं की मग काय करता विचारलं असतं. मग सगळं टेबल माझ्याकडे बघत बसलं असतं."

"आधी नव्हतं का बघत?"

त्यानं चालायचा वेग वाढवला. थोडं चालल्यावर म्हणाला, "तू ना, राईचा पर्वत करतेस." मी गप्प बसले नाही, मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही दादा, काळ सोकावतो." तो हसला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात वहिनीसाठी अंडी घ्यायला गेला.

काळ सोकावला. दुसऱ्या दिवशी बॉयलरवाल्यानं त्याच्या पुढ्यात बामची डबी ठेवली. "ठेव तुझ्याकडेच. माझ्या सासूची आहे, तिचं डोकं कोणी दुखवू शकत नाही." दादानं बाम घेतला. घेतला तर लावायला नको? लावला. टेबलाला बामचा वास यायला लागला, आणि दादानं डोळे मिटले की लोक आवाज खाली करून बोलू लागले. थांबायचे तसेच, पण आता प्रार्थनेसाठी नाही, दुखण्यासाठी. मला हे पाहवेना. कधीकधी वाटायचं, टेबलावर उभी राहून सांगून टाकावं की हा ठणठणीत आहे. पण मोठ्या भावाला चारचौघांत खोटं पाडायचं कसं? आणि आज ना उद्या त्याला स्वतःलाच लाज वाटेल, अशी मला खात्री होती. मी रोज रात्री देवाकडे तेवढंच मागत होते. त्याचा मोठा आवाज नको, उभं राहणं नको, फक्त त्याला एकदा मनापासून लाज वाटू दे. लाज वाटली की माणूस परत फिरतो.

मॅडमनी एकदा फाटकापाशी वहिनीला गाठलं आणि सांगितलं, यांच्या डोक्याचं बघा, दुर्लक्ष करू नका. वहिनी घाबरली. तिनं दादाला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हा तरी दादानं बायकोला खरं सांगायचं! पण तो मुकाट्यानं त्या खुर्चीत बसला, भिंतीवरची अक्षरं वाचली. डॉक्टर म्हणाले, नंबर अगदी किरकोळ आहे, पण आहे, घालून बघा. घालून बघायला काय जातं! तर असा आमच्या दादाला चष्मा लागला. प्रार्थना लपवण्यापायी चष्मा लागलेला माणूस जगात दुसरा नसेल. मला आधी हसू आलं, खोटं कशाला सांगू. वहिनी म्हणाली, "तुम्ही हसता काय? आता घरीसुद्धा ताटावर बसले की कपाळ धरतात."

माझं हसू गेलं. "घरी प्रार्थना कोण म्हणतं मग?"

"तेच म्हणतात की. मनात म्हणतात. मी विचारते, झाली का? हो म्हणतात. मग आम्ही जेवतो."

म्हणजे तेही गेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण मूठ फार दिवस झाकून ठेवली की आत काय होतं ते झाकणाऱ्यालाही आठवत नाही.

आता मावशीबद्दल सांगायला हवं. मावशी दादाच्या शेजारच्या इस्त्रीवर होती. आमच्यात सगळ्यात जुनी. वाफेत आणि ब्लीचमध्ये सारा जन्म काढलेला, त्यामुळे छाती खरवडून निघालेली. चार अभ्रे दाबले की थांबायची, इस्त्रीच्या दांड्याला धरून श्वास गोळा करायची आणि कोणी बघितलंच तर म्हणायची, "बघता काय, फोटो काढा." पुढच्या काउंटरवरचा माणूस सोडून जाणार होता. काउंटर म्हणजे आमच्याकडची स्वर्गाची जागा. पंखा, खुर्ची, उघडं दार, माल घ्यायचा नि द्यायचा. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की तिथे मावशी बसणार. मावशीनं तर खुर्चीत घालायला उशीसुद्धा शिवली होती.

मॅडमनी ती जागा दादाला दिली. त्या म्हणाल्या, वाफेनं यांचं डोकं आणखी दुखत असणार, आणि हे हिशेबाला चोख, सचोटीचे, काउंटरला असाच माणूस हवा. मावशीचं खोकणं त्यांना नवीन नव्हतं. त्या आल्या तेव्हापासून ती खोकतच होती. डोकेदुखी नवीन होती. माणसाचं लक्ष नव्या दुखण्याकडे जातं.

त्या दिवशी मी दादाला कपडे वाळवायच्या खोलीत ओढत नेलं. चारी बाजूंनी ओल्या चादरी लटकत होत्या.

"नाही म्हण," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता जा आणि नाही म्हण."

"मी मागितली नव्हती."

"म्हणूनच नाही म्हण. ती जागा मावशीची आहे."

"कारण काय सांगू?"

"सांग, डोकं दुखत नाही म्हणून."

तो माझ्याकडे बघत राहिला. चष्म्यामुळे त्याचे डोळे दुसऱ्याच कोणाचे वाटत होते. म्हणाला, "मग इतके दिवस काय करत होतो ते सांगावं लागेल."

"सांग ना!"

"आता सांगितलं तर त्यांना काय वाटेल? बाम दिला, आवाज खाली करून बोलले, डॉक्टरकडे पाठवलं. सगळ्यांना मूर्ख बनवल्यासारखं होईल. आपल्या देवाचं नाव चांगलं होईल का त्यानं?"

देवाच्या नावाची काळजी! तोंडात मारावीशी वाटली. "दादा, बाबा असते तर?" मी म्हटलं. तर तो म्हणाला, "बाबांना कोणी कधी प्रेमानं विचारलंच नाही. लोक त्यांना हसायचे. हसणाऱ्यासमोर ताठ उभं राहायला काय लागतं?" हे मात्र त्याचं खरं होतं आणि त्याचं उत्तर मला आजही सापडलेलं नाही. त्यानं एक ओली चादर बाजूला सारली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसला. मावशीनं ती उशी त्याला दिली. म्हणाली, "घे बाबा, तुझ्यासाठीच शिवली असणार." टोमणा नव्हता तो. तिला खरंच त्याचं दुखणं खरं वाटत होतं.

काउंटरवर दादाचं छान चाललं. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, त्याचं एक खास हसू तयार झालं, ओठ मिटूनच हसायचा, मान किंचित कललेली. दुपारी टेबलावर येऊन कपाळाला हात लावायचा. मी त्याच्या ओठांकडे बघायचे. आधी ओठ हलायचे, मग कधीतरी हलायचे, मग हलेनासे झाले. हात मात्र रोज कपाळावर जायचा. मनी नाही भाव आणि देवा मला पाव, असं म्हणतात. इथे पाव म्हणणंही उरलं नव्हतं.

मावशी एका सकाळी इस्त्रीपाशी कोसळली. अभ्रा अर्धा दाबलेला. दवाखान्यात नेलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. ज्या दवाखान्याच्या चादरी ती दाबायची त्याच दवाखान्यात तिला ठेवलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की शुद्ध नाही, सांगता येत नाही.

दुपारी टेबलावर कोणी डबा उघडेना. बॉयलरवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तो दादाकडे वळला. "दादा," तो म्हणाला, "ते तू पूर्वी म्हणायचास ना उभं राहून, ते आज म्हण. मावशीसाठी म्हण."

दादा म्हणाला, "मी मनात म्हणतो."

"मनात नको रे. आम्हाला ऐकू दे. आम्हाला येत असतं तर तुला सांगितलं असतं का?"

मॅडम म्हणाल्या, "हो, म्हणा ना. बरं वाटेल सगळ्यांना."

बघा, कोणी अडवत नव्हतं. सगळं टेबल त्याच्यासाठी दार उघडून उभं होतं. मला वाटलं, झालं, देवानं ऐकलं, मावशीच्या मोलानं का होईना पण ऐकलं. दादा उभा राहिला. त्यानं चष्मा काढला. हात जोडले. किती दिवसांनी त्याचे हात जोडलेले पाहिले मी! "प्रभू," तो म्हणाला. आवाज बाबांचाच होता. "प्रभू, हे..."

आणि तो थांबला. 'हे तू दिलंस' म्हणायचं तर समोर मावशीची रिकामी खुर्ची होती. दुसरं काही म्हणायचं तर दुसरं काही त्याच्याजवळ नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आम्ही वाट बघत होतो. भिंतीपलीकडे बॉयलर फुसफुसत होता. दादाचं तोंड उघडं होतं आणि मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की तो आत शोधतोय, एखाद्या खोलीत जाऊन हाक मारतोय आणि तिथून कोणी ओ देत नाहीये. मग त्याचा उजवा हात सुटला आणि सावकाश कपाळाकडे गेला.

"माफ करा," तो म्हणाला. "आज फारच दुखतंय."

मॅडम पटकन उठल्या. "बसा, बसा तुम्ही." कोणीतरी पाणी आणलं. बॉयलरवाल्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "जाऊ दे रे, ज्याचं दुखतं त्याला कळतं." एकानं, निदान एकानं तरी त्या वेळी त्याला लबाड म्हणायला हवं होतं! पण ती सगळी भली माणसं.

मग मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकवली ती रागानंच. बाबांचे शब्द मी म्हटले, सगळे, शेवटपर्यंत, आणि मावशीचं नाव घेतलं. लोकांनी माना खाली घातल्या. रागानं म्हटलेली प्रार्थना कितपत वर पोचते कोण जाणे. मावशी त्याच संध्याकाळी गेली.

तिला पोचवून आल्यावर मी दादाच्या घरी गेले. वहिनी आत होती. दादा जेवायच्या टेबलाशी बसून डबा पुसत होता. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, शिव्यासुद्धा जुळवून ठेवल्या होत्या. पण त्यानंच सुरुवात केली.

"तुला वाटतं, मी लाजून थांबलो त्या दिवशी?"

"मग काय?"

"लाजलो नाही गं. मी खरंच म्हणणार होतो. पण मला कळेना, कोणाशी बोलतोय." त्यानं झाकण लावलं, पुन्हा काढलं. "पूर्वी डोळे मिटले की समोर कोणीतरी असायचं. आता डोळे मिटले की डोळे मिटलेले असतात."

मी त्याचा हात धरला. "दादा, रड तरी. मावशीसाठी रड. तिची जागा घेतलीस, म्हणून रड. तू रडलास तर सगळं परत येईल."

"तेच तर सांगतोय," तो म्हणाला, अगदी शांतपणे, गिऱ्हाइकाला त्याचा कोट उद्या मिळेल असं सांगावं तसं. "मलाही वाटलं होतं, आता फार वाईट वाटेल. वाट बघत बसलो. वाईट वाटत नाहीये."

मी जुळवलेल्या शिव्या तशाच राहिल्या. वहिनीनं आतून विचारलं, जेवून जाता का? मी नको म्हटलं. मला त्या टेबलावर बसून कोणाची प्रार्थना झाली का, हे ऐकायचं नव्हतं.

त्यानंतर मला वाटलं, दादा आता चर्चला यायचा बंद होईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. बाहेर पडलेल्या माणसाला निदान कळतं की आपण बाहेर आहोत, आणि पाळकही त्याच्या मागे जातात. पण दादा एकही रविवार चुकवत नाही. उलट यंदा त्याला मंडळीचा पंच केलं, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या चार-पाच जणांत घेतलं. पाळकांनी नाव सुचवलं तेव्हा रविवारच्या कामाची ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही, पण माझ्याकडे कोण बघतंय? मी पाळकांना गाठून सांगायचा प्रयत्न केला. काय सांगणार? माझा भाऊ दारू पीत नाही, चोरी करत नाही, बायकोला मारत नाही, उपासना चुकवत नाही आणि त्याचा देव गेलाय. पाळक म्हणाले, "बाई, प्रत्येकाची प्रार्थनेची रीत वेगळी असते. काही जण शांतपणे करतात." आणि त्यांनी मला सांगितलं की दुसऱ्याच्या श्रद्धेचं मोजमाप आपण करू नये.

परवाच्या रविवारची गोष्ट. उपासनेत एक वेळ येते, सगळे उभे राहतात, माना खाली घालतात आणि पाळक मोठी प्रार्थना करतात. आजाऱ्यांसाठी, गेलेल्यांसाठी, सगळ्यांसाठी. मीही मान खाली घातली होती. पण पाळकांनी म्हटलं, "जे तुझ्यापासून दूर गेले आहेत त्यांना परत आण," आणि मला राहवेना. मी डोळे उघडून मान वर केली. एवढ्या मोठ्या सभागृहात सगळी डोकी झुकलेली होती, म्हातारी, तरुण, लहान पोरांचीसुद्धा, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, पंचांच्या बाकापाशी, एकच माणूस सरळ उभा होता. दादा. त्याचे डोळे उघडे होते. तो खिडक्यांकडे बघत होता, कुठली कडी नीट लागलेली नाही ते बघत असावा. मग त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली.

मी नजर हलवली नाही. आता हा दचकेल, घाईघाईनं मान खाली घालेल, डोळे मिटेल, काहीतरी लपवेल. तेवढं झालं असतं तरी पुरे होतं. एवढ्यावर मी आणखी सारा जन्म वाट पाहिली असती.

दादानं मला ओळख दिली. मान किंचित कलली, मिटल्या ओठांनी हसला, आणि पुन्हा खिडक्यांकडे बघू लागला.